थारच्या बाजूला काय लावायचं? फूटस्टेप, चकचकीत पाइप की खरा स्लायडर

थार घेतली की पहिल्या महिन्यात माणूस तीन गोष्टींच्या मागे लागतो, मोठे टायर, एलईडी बार आणि बाजूला लावायचा तो पाइप. टायरसाठी लोक रात्र रात्र व्हिडिओ बघतात, साइझवरून भांडतात, पण पाइपाचं काय, तर ॲक्सेसरीच्या दुकानात गेले, भिंतीवर टांगलेल्यांपैकी बरा दिसेल त्याच्याकडे बोट दाखवलं, "हा कितीला बसेल?" आणि संध्याकाळी गाडीसकट फोटो स्टेटसला. यात वाईट काही नाही, गाडी ज्याची त्याची, पण तोच माणूस नंतर राजमाचीच्या वाटेवर त्या पाइपाच्या भरवशावर दगडावर गाडी घालतो तेव्हा मागून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

माझी २०२० ला आली ती नवी थार, तीन दरवाजे, डिझेल, हार्डटॉप. बाजूचं काम मी दुकानातून न घेता भोसरीला एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं, त्यामुळे हल्ली कुणी ना कुणी फोन करून विचारतं की बाबा काय लावलंस, कुठला पाइप, किती किलो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मार बसतो कुठे ते बघू. पुढचा बंपर सगळ्यांना दिसतो म्हणून त्याची काळजी सगळे करतात, पण लोणावळ्याच्या तुंगार्लीकडून राजमाचीला जाताना किंवा वेल्ह्याच्या पुढे आडवाटेला लागलं की बंपर बऱ्यापैकी सुटतो, कारण थारचा ॲप्रोच अँगल, म्हणजे बंपर न टेकता समोरचा चढ घेता येईल तो कोन, ४१ अंशांच्या वर आहे. अडकते ती गाडी मधोमध. पुढची चाकं दगड चढून पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि त्या दोघांच्या मध्ये दाराखालचा जो आडवा पत्रा असतो, ज्याला सिल म्हणतात, तो बरोब्बर दगडाच्या डोक्यावर येतो. पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो त्या कोनाला रॅम्पओव्हर अँगल म्हणतात आणि तीन दारांच्या थारला तो २६ ते २७ अंश आहे. मारुतीच्या ५ दारांच्या जिम्नीचा २४, थार रॉक्सचा, म्हणजे पाच दारांच्या लांब थारचा, जवळपास २४. गंमत बघा, रॉक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० एमएम आणि जिम्नीचा २५९०, म्हणजे पाव मीटरहून जास्त फरक, तरी कोन सारखाच येतो कारण जिम्नीची चाकं लहान आणि पोट जमिनीला जवळ. आजोबांच्या काळातल्या विलीज जीपचा व्हीलबेस ८० इंच होता, म्हणजे २०३२ एमएम, त्या गाडीला बाजूने वाचवायची गरजच कमी पडायची कारण दोन चाकांच्या मध्ये दगड मावायलाच जागा नव्हती. गाड्या लांब झाल्या, दारं वाढली, एसी आला, आणि सिल उघडं पडलं.

दुसरा मार बाजूने बसतो. पावसाळ्यात गाडी सरळ कमी आणि आडवी जास्त जाते हे ज्याने काळ्या मातीतून गाडी काढलीय त्याला सांगायला नको. चाकोरीतून मागचं चाक घसरतं, शेपूट बांधाकडे जातं आणि दाराचा खालचा भाग दगडाला किंवा झाडाच्या बुंध्याला टेकतो. स्पीड काही नसतो, पाच-सहाचा असेल, पण पावणेदोन टनाची गाडी हळूच टेकली तरी पत्रा आत जातो, आणि सिलचा पत्रा आत गेला की दाराची खालची कड त्यात घासायला लागते. डेंटिंगवाल्यालाही तो भाग नकोसा असतो, कारण ते सिल आतून पोकळ डब्यासारखं असतं, मागून हात घालून ठोकायला जागाच नाही, वरून पुलर लावून ओढायचं नाहीतर कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. दार बदलणं सोपं, सिल बदलणं म्हणजे दुखणं.

आता बाजारात मिळतं काय? दुकानात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकतात. पहिली म्हणजे फूटस्टेप, प्लॅस्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं फळकुट, ज्यावर पाय देऊन चढायचं. दुसरी म्हणजे तो गोल चकचकीत स्टीलचा पाइप, तीन इंची जाड, पायाच्या जागी दोन काळे रबरी पॅड. आणि तिसरा रॉक स्लायडर, म्हणजे गाडी दगडावर टेकली तर तिला त्यावरून सरकवून नेणारी दाराखालची मजबूत नळी. पहिल्या दोन गोष्टी माणसाचं वजन घ्यायला केलेल्या असतात, समजा १०० किलो, उडी मारून चढणारा असेल तर दीडशे. तिसऱ्याला गाडीचं वजन घ्यायचं असतं. लांबून तिन्ही सारख्या दिसू शकतात, म्हणून मी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, यावर गाडी टेकली तर ते वजन पुढे जातं कुठे? चॅसीत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात जातं, की वरच्या पत्र्याच्या बॉडीत? यावर समोरचा "साहेब एकदम हेवी आहे, बघा उचलून" म्हणाला की मी चहा पिऊन निघतो.

कारण सगळा खेळ तिथेच आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने असाच भारी दिसणारा स्टेप लावला होता, नाव सांगत नाही, कंपनीचंही आणि त्याचंही. ब्रॅकेट सिलच्या खालच्या शिवणीला, म्हणजे जिथे दोन पत्रे एकत्र दाबून स्पॉट वेल्ड केलेले असतात तिथे, छोट्या बोल्टांनी धरलेले. पवनेच्या बाजूला एका ओढ्यातून बाहेर येताना गाडी त्या स्टेपवर बसली, स्टेप स्वतः जवळपास शाबूत राहिला पण ब्रॅकेटने वर जाऊन सिलच आत ढकललं आणि ड्रायव्हरचं दार उघडेना. पलीकडच्या दाराने उतरला बिचारा. म्हणजे जिथे स्टेप नसता तर सिलला एक पोचा आला असता, तिथे स्टेपमुळे दार अडकलं. वर तो स्टेप सिलच्या खाली लोंबत होता ते वेगळंच. मी नंतर घरी बसून कागदावर थारचं चित्र काढून हिशोब केला, बाजूला ७५ एमएम खाली लोंबणारी वस्तू लावली तर २७ अंशांचा रॅम्पओव्हर साधारण २० वर येतो. म्हणजे थार घ्यायची आणि तिला पैसे देऊन रॉक्सपेक्षा लांब करायची.

मग फॅब्रिकेटर शोधला. हे काका मूळचे जिग-फिक्श्चर करणारे, गाड्यांचा नाद असा काही नाही, पण त्यामुळेच बरं झालं, त्यांना लूकशी देणंघेणं नव्हतं. मी दुकानातल्या तीन इंची स्टेनलेस पाइपाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "साहेब, पाइप जाड दिसतोय म्हणून मजबूत नसतो, भिंत किती आहे ते विचारा आधी." विचारलं तर भिंत १.२ एमएम. मग त्यांनी पाठीमागच्या रॅकमधून दीड इंची म्हणतात तो काळा पाइप काढला, बाहेरून ४८ एमएम, भिंत ३.२. मला वाटलं पातळ भिंतीच्या पाइपाची ताकद निम्मी असेल, पण हिशोब केला तर कागदावर दोघांची वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास सारखीच येते, कारण व्यास वाढला की ताकद भराभर वाढते. मग फरक काय? फरक असा की दगड काही पुस्तकातल्या उदाहरणासारखा सगळीकडे सारखा दाबत नाही, तो एका टोकाने टोचतो. १.२ एमएमची भिंत त्या टोकाखाली आधी चेपते, गोल पाइप तिथे चपटा होतो, आणि चपटा झाला की व्यासाचा सगळा फायदा गेला, तिथूनच तो काटकोनात मोडतो. ३.२ वाला ओरबाडला जातो, घासला जातो, पण गोल राहतो. वजनाचं म्हणाल तर पातळ मोठा पाइप मीटरला सव्वादोन किलो, जाड छोटा साडेतीन.

शेवटी मुख्य नळी आम्ही गोल घेतलीच नाही, ५० बाय ५० चा चौकोनी ट्यूब घेतला, भिंत ३ एमएम, मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास. चौकोनी ट्यूब त्याच मापाच्या गोलपेक्षा जास्त वजन झेलतो आणि ब्रॅकेट वेल्ड करायला सपाट जागा मिळते, गोल पाइपाला प्रत्येक जोडात माशाच्या तोंडासारखा काप घ्यावा लागतो, तो नीट बसला नाही की फट वेल्डिंगने भरत बसतात. बाहेरच्या बाजूला मात्र ४८ चाच गोल पाइप आहे, कारण झाडाला घासणार तो गोल असलेला बरा, कोपरा असला की साल आणि कोपरा दोन्ही जातात. प्लेटा आणि पाय, म्हणजे नळीला चॅसीशी जोडणारे आडवे तुकडे, धरून एका बाजूचं वजन वीस किलोच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडचे मिळून एका बारीक पोराला कायमचं गाडीत बसवल्यासारखं. हलकं पाहिजे तर ॲल्युमिनियम घ्या असं इंटरनेट सांगतं, त्याचं वजन लोखंडाच्या एक तृतीयांश असतं हे खरं, पण मऊ असल्यामुळे ते कातळावर सरकत नाही, दगडाची कड त्यात रुतते. स्लायडरने सरकलं पाहिजे, धरून ठेवायचं नाही. इथे लोखंडच.

चॅसीला पकडायचं कसं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला वाटतं तो जायलाच हवा. तीन रस्ते आहेत. चॅसीला थेट वेल्ड करणं हे सगळ्यात मजबूत, आणि मी ते करणार नाही. गाडी वॉरंटीत, चॅसीच्या स्टीलला कुठे किती उष्णता दिली तर काय होतं हे रस्त्यावरच्या वेल्डरला माहीत नसतं, आणि उद्या गाडी विकताना समोरचा खाली वाकून बघतोच. दुसरा रस्ता चॅसीला भोकं पाडणं, त्यातही वरच्या आणि खालच्या कडेला भोक पाडणं सगळ्यात वाईट, कारण चॅसी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या दोन कडांवरच येतो. तिसरा रस्ता म्हणजे सँडविच, रेलच्या, म्हणजे चॅसीच्या लांब तुळईच्या, आतल्या बाजूला एक प्लेट, बाहेरच्या बाजूला एक प्लेट, आणि रेलच्या वरून आणि खालून जाणारे बोल्ट, भोक एकही नाही. आम्ही ६ एमएमच्या प्लेटा घेतल्या, रेलच्या पूर्ण उंचीच्या, बोल्ट १०.९ ग्रेडचे नायलॉक नटासकट. उंचीचं महत्त्व असं की स्लायडर चॅसीपासून २५ सेंटीमीटर तरी बाहेर असतो, त्याच्यावर गाडी टेकली की तो रेलला पिळायला बघतो, आणि प्लेट बुटकी असेल तर तो पीळ एका छोट्या जागेत घुसतो. प्रत्येक पायाखाली एक त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराचा पत्रा. एका बाजूला तीन पाय, दोन नाही. रॉक्सला चार लागतील.

प्लेट आणि चॅसीच्या मध्ये रबर घालू का असं मी विचारलं होतं, आवाज येईल म्हणून. काका म्हणाले, "रबर दबतं, दबलं की नट ढिला, आणि तुम्ही मला फोन करणार." मग दोन्ही बाजूंना प्रायमर, पेंट आणि कडेने सीलंट, म्हणजे पाणी आत जाऊन बसणार नाही. अजून एक, आतली प्लेट लावायच्या आधी टॉर्च घेऊन खाली झोपा आणि बघा की रेलच्या कडेने ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग काय काय जातंय. घाईत प्लेटीखाली नळी चेपली तर ती लगेच फुटत नाही, ताम्हिणीच्या उतारावर फुटते.

वेल्डिंगबद्दल फार लिहीत नाही. सीओटू वेल्डिंग करून घ्या, गाडीवर फक्त टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरण्यापुरते वेल्डचे टिपके, मारायचे, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून, आणि पूर्ण वेल्डिंग काढून टेबलावर. गाडीवरच सगळं वेल्ड केलं तर ठिणग्या काचेवर, कार्पेटवर, आणि वरची बाजू वेल्ड झाली तरी खालची अर्धवट राहते कारण तिथे हातच पोचत नाही.

आता आकार. स्लायडर जमिनीला समांतर सपाट ठेवायचा की बाहेरून थोडा वर उचलायचा? सपाट ठेवला की दिसायला नेटका आणि पाय ठेवायला बरा. पण बाहेरची नळी पंधरा-वीस अंश वर उचलली की दोन गोष्टी होतात, बाजूने खडक आला तर तो आधी नळीला लागतो आणि दाराची खालची कड वाचते, आणि खालून येणाऱ्या दगडावर गाडी टेकताना कोपरा रुतायच्या ऐवजी उतार मिळतो. मी पंधराच्या आसपास ठेवला. मागच्या चाकाच्या जरा पुढे नळीला बाहेर एक बाक दिलाय, त्याला किकआउट म्हणतात. अरुंद वळणावर झाड आतल्या बाजूला असलं की गाडी त्या बाकावर टेकून फिरते आणि मागचा फेंडर झाडापासून लांब जातो. काम चोख करतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री शेजाऱ्यांच्या नडगीलाही तितक्याच चोखपणे लागतो, त्यावर मी पिवळी रिफ्लेक्टर टेप लावली आहे.

सिल आणि स्लायडर यांच्यात फट ठेवायची की नाही यावर बरेच जण फसतात. चिकटवून बसवला की गाडी भारी दिसते, पण बॉडी चॅसीवर रबरी बुशांवर बसलेली असते आणि एक चाक वर एक खाली गेलं की चॅसी पीळ खाते, बॉडी तेवढी खात नाही. स्लायडर चॅसीचा, सिल बॉडीचं, दोघं एकमेकांच्या जवळ-लांब होत राहतात, चिकटून असतील तर पहिल्याच तिरक्या खड्ड्यात पेंट जातो. माझी फट २० एमएम आहे. त्यात चिखल आणि बारीक खडी अडकते हा त्रास आहेच, प्रेशर पाइप मारावा लागतो.

आईचा प्रश्न राहिला. तिने गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हाच विचारलं होतं, "गाडी घेतलीस की घोडा?" आणि स्लायडर लागल्यावर तिला वाटलं आता चढायला पायरी आली. पण चांगला स्लायडर सिलच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे तो उंचच असणार, पायरी म्हणून त्याचा उपयोग जेमतेम. गुडघे दुखणाऱ्या आणि साडीत चढणाऱ्या माणसाला पायरी खालीच लागते आणि खाली पायरी म्हणजे दगडाला आमंत्रण. दोन्ही एकात मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे मागच्या सीटमागे घडीचं प्लॅस्टिकचं स्टूल असतं, आई त्यावरून चढते, मी उचलून मागे टाकतो. दिसायला भारी नाही पण गेले वर्षभर कुणाची तक्रार नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्यांची थार आठवड्याला ऑफिस आणि महिन्याला महाबळेश्वर एवढंच करते, त्यांनी गुपचूप चांगला फूटस्टेप लावावा, घरच्यांची सोय बघावी, फक्त त्याला प्रोटेक्शन म्हणू नये आणि त्याच्या जोरावर दगडात शिरू नये.

रंगाचं काय करायचं? सगळे पावडर कोटिंग करतात, नवं असताना झकास दिसतं. माझं मत वेगळं आहे. स्लायडर घासण्यासाठीच असतो, पहिल्या कातळावर त्याची साल जाणार, आणि पावडर कोटिंग एकदा फुटलं की पाणी त्याच्या खाली शिरतं, वरून काळं तुकतुकीत आणि आतून गंज, महिन्यांनी पापुद्रा निघतो तेव्हा कळतं. साधा एपॉक्सी प्रायमर आणि वर काळा मॅट पेंट, स्प्रेचा एक डबा गॅरेजमध्ये, ओरखडा आला की कागद मारा, स्प्रे मारा, दहा मिनिटांचं काम. कोकणात जाणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा. तिकडचा जांभा आपल्या घाटावरच्या कातळापेक्षा मऊ असला तरी खडबडीत, भोकाभोकांचा, गाडी सड्यावर टेकली की कातळ कड मारतो तसं नाही होत, पण लांबच्या लांब पेंट घासून नेतो, आणि वर खारी हवा. नळीची टोकं प्लॅस्टिकच्या बुचाने बंद करू नका, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही, लोखंडी झाकण वेल्ड करा आणि खालच्या बाजूला ६ एमएमचं भोक ठेवा. काही जण आत जळकं ऑइल ओततात, गंज थांबतो पण मग ते पार्किंगमध्ये ठिबकत बसतं, कॅव्हिटी वॅक्सचा स्प्रे मिळतो तो मारा.

डस्टरवाल्या मित्रांसाठी दोन ओळी. तुमच्या गाडीला वेगळी चॅसीच नाही, मोनोकॉक आहे, त्यामुळे वर लिहिलेलं सँडविच वगैरे लागू नाही. सिललाच बोल्ट मारून "स्लायडर" विकणारे आहेत, त्यापेक्षा खाली इंजिनगार्ड नीट बसवा आणि लाइन निवडून चालवा, ती गाडी त्यातच खूप काही करते.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडीत असा बदल करायचा नाही ज्याने ती नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे परत ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ ए प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बंपरपुढे लावायच्या लोखंडी बुलबारबद्दल तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. मग स्लायडर बसतो का यात? रस्त्यावरच्या अधिकाऱ्याने ठरवलं तर बसवू शकतो, हे धरूनच चाला. मी एवढी काळजी घेतली की स्लायडर फेंडरच्या रुंदीच्या आत आहे, धारदार कड कुठे नाही, चॅसीला भोक किंवा वेल्ड नाही, आणि आठ-दहा पाने घेऊन बसलं की तासाभरात उतरवता येतो. विमा कंपनीला ईमेल करून कळवलं आहे. आणखी एक गोष्ट डोक्यात असू द्या, थारला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार २०२० मध्ये मिळाले ते कंपनीतून निघालेल्या गाडीला, बाजूला चाळीस किलो लोखंड लावलेल्या गाडीची टेस्ट कुणी केलेली नाही. ज्याला हे पटत नाही त्याने कंपनीची ॲक्सेसरी घ्यावी आणि मोठ्या दगडांना लांबून नमस्कार करावा, तोही एक शहाणपणाच आहे.

ओरखड्यांचं विचारणारे पण खूप. करवंदाच्या जाळ्या आणि घाणेरी दोन्ही बाजूंनी गाडीला कुरवाळणार, त्याला स्लायडर काही करू शकत नाही. दारांच्या खालच्या अर्ध्या भागाला पारदर्शक फिल्म लावता येते, चांगली असते, पण पूर्ण गाडीला लावायचा खर्च ऐकून मी फक्त दारांना लावली. वरचे ओरखडे आहेत तसे आहेत, दिवाळीला एकदा पॉलिश.

काम झाल्यावर तपासणी कशी करायची ते सांगतो कारण हे कुणी करत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, पलीकडच्या चाकांना दगडाची उटी, आणि स्लायडरच्या मधोमध जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाकं जमीन सोडेपर्यंत उचला. गाडीखाली डोकं घालायचं नाही, लांबून बघायचं. स्लायडर आणि सिलमधली फट आधी मोजून ठेवा, उचललेली असताना मोजा, उतरवल्यावर परत मोजा. उचललेली असताना दोन-चार एमएम कमी झाली तर हरकत नाही, खाली आल्यावर ती परत पहिल्याइतकी झाली पाहिजे. झाली नाही म्हणजे काहीतरी कायमचं वाकलं किंवा सरकलं. हे नुसतं टेकवणं झालं, गाडी धपकन आदळते तेव्हा भार निदान दुप्पट धरायचा, म्हणून जॅकलाच कुरकुरणारा स्लायडर दुकानात परत. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने परत आवळा, नंतर पावसाळा संपला की एकदा. माझे पहिल्यांदा आवळताना डाव्या बाजूचे दोन बोल्ट पाव फेरा फिरले, दुसऱ्यांदा एकही नाही.

किमती मुद्दाम लिहीत नाही, लोखंडाचा भाव हलत असतो आणि तुम्ही ही पोस्ट दोन वर्षांनी वाचून काकांशी भांडायला जाल. किलोवर माल, वर मजुरी, बेंडिंगचे वेगळे, असा हिशोब मागा आणि पाइपाची भिंत व्हर्नियरने स्वतः मोजा, कापलेल्या टोकावर, पॉलिश केलेल्या नाही.

सध्या आमच्या रॉक्सवाल्याचं काम चालू आहे. व्हीलबेस लांब, दारं दोन जास्त, त्यामुळे चार पाय आणि मुख्य ट्यूब ६० बाय ४० घेतोय, मधला पाय मागच्या दाराच्या सुरुवातीला बसतोय का यावर कालच तासभर गाडीखाली झोपून वाद झाला. टॅकिंग झालंय. पावडर कोटिंग करू नको म्हणून मी त्याला दहादा सांगितलंय, त्याने बायकोला विचारून ग्लॉस ब्लॅक फायनल केलाय.